शुगर तपासायचं घरचं मशीन: सात महिन्यांच्या वापरानंतर

मार्चमध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं आणि मला डायबेटिस निघाला. उपाशीपोटी 168, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी) 8.4. वय 53. मी लालबागला चाळीत राहते, घरातूनच जेवणाचे डबे करून देते, सध्या रोजचे 34 आहेत. डॉक्टर मॅडमनी मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी सुरू केली आणि म्हणाल्या, "ताई, तुमचा अख्खा दिवस जेवणातच जातो. घरी मशीन घ्या आणि जेवल्यावर साखर कुठे जाते ते बघायला शिका." त्याच संध्याकाळी मशीन घेतलं. आता ऑक्टोबर चालू आहे आणि स्ट्रिप्सची, म्हणजे रक्ताचा थेंब लावायच्या पट्ट्यांची, सातवी डबी उघडली आहे. मी घेतलं तेव्हा लोकांनी लिहिलेलं बरंच वाचलं होतं. 'बरोबर दाखवतं', 'दुखत नाही', 'लवकर घरी आलं' एवढंच सगळीकडे. आलेल्या आकड्याचं करायचं काय, ते कोणी लिहिलं नव्हतं. म्हणून मी लिहिते आहे.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. मला जे सांगायचं आहे ते कुठल्याही चांगल्या कंपनीच्या मशीनला लागू आहे, आणि नाव दिलं की बोलणं तिथेच अडकतं.

मशीन तळहातात मावतं, आत बटणासारखी बॅटरी. स्ट्रिप खोचली की आपोआप चालू होतं, थेंबाचं चित्र लुकलुकतं, रक्त लावलं की पाच सेकंदांत आकडा. आकडे चांगले ठळक आहेत. ऑपरेशन व्हायच्या आधीही मला चष्म्याशिवाय वाचता यायचे, हे मला फार मोलाचं वाटलं. सोबत टोचायचं पेन येतं, त्याच्या टोकाला फिरवायची चकती असते, 1 ते 5. दुकानदाराने 2 वर लावून दिलं होतं. पण तीस वर्षं तव्यावर आणि पिठात काढलेल्या माझ्या बोटांतून 2 वर रक्तच येईना. मग मी बोट दाबदाबून थेंब काढायची. तसं करू नये. जोरात दाबलं की रक्ताबरोबर आतलं पाणीही येतं आणि आकडा चुकू शकतो. चकती 4 वर नेली, हात कोमट पाण्याने धुतला, मनगट खाली सोडून दहापर्यंत मोजलं, की थेंब आपणहून येतो. आणि टोचायचं ते बोटाच्या पेराच्या बाजूला, मधोमध नाही. मधल्या भागाला स्पर्श जास्त कळतो, तिथे दुखतंही जास्त. पहिल्या आठवड्यात मी मधोमध टोचलं आणि दुसऱ्या दिवशी चपातीचे गोळे दाबताना प्रत्येक गोळ्याला कळ आली. शंभराच्या वर चपात्या असतात सकाळी. तेव्हापासून करंगळीच्या बाजूची दोन बोटं, आणि पेराची कड.

पहिले तीन आठवडे मी या मशीनला घाबरून होते. दुपारी जेवल्यावर 236 आला त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले. मुलगी म्हणाली, "आई, काय खाल्लंस तू?" तिने काळजीनेच विचारलं, पण मला वाटलं माझी चोरी पकडली. मी काय खाल्लं होतं? रोजचंच. दोन वाट्या भात, माशाची आमटी, एक बांगडा, सोलकढी. आमचं मूळ गाव सिंधुदुर्गात, घरात भाताशिवाय जेवण झालं असं कोणी म्हणत नाही. मग मी भात बंद केला. नंतर चपातीही एकावर आणली. दुपारचा आकडा खाली आला म्हणून खूश झाले आणि संध्याकाळी पाच वाजता पाट्यासमोर बसल्या बसल्या हात थरथरायला लागले, घाम फुटला. शुगर उतरली असं समजून मशीन काढलं, तर 92. म्हणजे कमी नव्हतीच. मॅडमनी सांगितलं, की कितीतरी महिने दोनशेच्या आसपास राहायची सवय झालेल्या शरीराला 92 सुद्धा कमी वाटतं, हळूहळू ते सरावतं. खरी कमी म्हणजे 70 च्या खाली, आणि फक्त मेटफॉर्मिनवर असलेल्या, वेळेवर जेवणाऱ्या माणसाला ती सहसा होत नाही. पण जे इन्सुलिन घेतात किंवा काही विशिष्ट गोळ्या घेतात, त्यांना होते. आमच्या मजल्यावरच्या काकूंना झाली होती, 58. तेव्हा मशीन होतं म्हणून कळलं. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, 84 आल्यावर मग जेवायला वाढलं.

माझी खरी चूक वेगळीच होती. मी एकच आकडा बघत होते.

जेवल्यावर 190 आला. बरं. पण जेवायला बसताना किती होती? 170 असेल तर जेवणाने फक्त 20 वाढवली, म्हणजे ताट चांगलं होतं, आधीच साखर चढलेली होती. बसताना 110 असेल तर त्याच जेवणाने 80 वाढवली. आकडा दोन्हीकडे 190 च. पहिल्यात ताटाला दोष देऊन उपयोग नाही. रात्रीचं जेवण, झोप, गोळीची वेळ, यातलं काहीतरी बघायला हवं. दुसऱ्यात ताटच बघायला हवं. हे मॅडमनी मला कागदावर दोन रेघा काढून समजावलं आणि माझ्या डोक्यातला गुंता सुटला. तेव्हापासून मी स्ट्रिप वापरते ती जोडीने: एक पहिला घास घेण्याआधी, एक त्यानंतर दोन तासांनी. जोडी जमणार नसेल तर त्या दिवशी तपासतच नाही. माझ्यासाठी त्यांनी माप दिलं, की वाढ 50 च्या आत राहिली तर ते ताट ठीक, 30 च्या आसपास राहिली तर उत्तम.

'पहिला घास घेतल्यापासून' हे शब्द लक्षात ठेवा. मी आधी दोन तास मोजायची ते जेवण उरकून, भांडी घासून, ओटा पुसून झाल्यावर. म्हणजे खरं तर पावणेतीन तास झालेले असायचे आणि चढलेली साखर निम्मी उतरलेली असायची. उलटही झालंय माझ्या बाबतीत. मार्चमध्ये ज्या लॅबमध्ये पहिल्यांदा रक्त दिलं, तिथल्या मुलाने फक्त "जेवलात ना?" एवढंच विचारलं आणि सुई टोचली. जेवायला बसल्याला जेमतेम एक तास झाला होता. रिपोर्टवर मात्र 'जेवणानंतर दोन तास' असं छापून आलं, 271. साखर साधारण तासा-दीड तासाने सगळ्यात वर असते, त्यामुळे तासाभराचा आकडा दोन तासांच्या मापाने वाचला तर तो भयंकरच दिसणार. त्या 271 ने मला आठ दिवस झोप लागू दिली नाही. ज्यांना लॅबमध्ये द्यायचं आहे त्यांनी घास घेतल्याची वेळ चिठ्ठीवर लिहून न्यावी आणि स्वतःहून सांगावी.

मग किती चालतं? मॅडम म्हणाल्या, अमेरिकन डायबेटिस असोसिएशन जेवणाआधी 80 ते 130 आणि जेवायला सुरुवात केल्यापासून एक-दोन तासांत 180 च्या आत असं सांगते. इंटरनॅशनल डायबेटिस फेडरेशनचं जेवणानंतरचं माप 160 आहे. डायबेटिस नसलेल्याची दोन तासांनी साधारण 140 च्या आत येते. मला त्यांनी आधी 180 गाठायला सांगितलं, ते जमल्यावर 160. पण हे माझं माप आहे. माझ्या नणंदेच्या सुनेला गरोदरपणात शुगर निघाली, तिला दोन तासांनी 120 च्या आत ठेवायला सांगितलंय. आणि काकू 81 वर्षांच्या, एकदा पडलेल्या, त्यांचे डॉक्टर म्हणतात फार खाली आणूच नका. शेजाऱ्याचा आकडा आपल्या वहीत लिहायचा नसतो.

वही म्हणजे माझी डब्यांच्या हिशेबाची वही, तिचीच मागची पानं. मशीन शेकडो आकडे लक्षात ठेवतं, सात दिवसांची, चौदा दिवसांची सरासरीही काढून देतं. पण ताटात काय होतं ते त्याला ठाऊक नसतं, आणि सरासरीचा मला कधीच उपयोग झाला नाही. 90 आणि 230 ची सरासरी 160 येते, कागदावर छान दिसते. वहीतली एक ओळ अशी असते: '14 मे, दु. 1.10, आधी 126. भात 1 वाटी, सुरमई तळलेली 1, कोशिंबीर, सोलकढी. 3.10 ला 187. जेवून लगेच पडले.' शेवटचे तीन शब्द लिहायला विसरायचं नाही. झोप झाली नाही, ताप होता, भांडण झालं, चालून आले, हेही लिहायचं. एप्रिलमध्ये डबेवाले एक दिवस आलेच नाहीत, 34 डबे दारात पडून, फोनवर फोन. त्या दिवशी उपाशीपोटीच माझी 171 होती. घास पोटात गेला नव्हता.

आता खाण्याचं सांगते. मला सगळ्यात मोठा धक्का पेजेने दिला. आजारी माणसाला, म्हाताऱ्याला, बाळंतिणीला देतो ती पेज. उकड्या तांदळाची, मीठ घालून, सोबत लोणच्याची फोड. पोटाला हलकी म्हणून डायबेटिसलाही हलकीच असणार असं मी धरून चालले होते. सकाळी नऊला डबे गेले की मी मोठा वाडगाभर पेज प्यायची, आयुष्यभर. मोजलं तर आधी 124, नंतर 219. पंच्याण्णवची उडी! मला वाटलं मशीन बिघडलं. दोन दिवसांनी परत केलं, 91 ची उडी. त्याच तांदळाचा मोकळा भात, मोजून तेवढ्याच तांदळाचा, मुगाच्या उसळीबरोबर खाल्ला तेव्हा वाढ 48. मॅडमनी कारण सांगितलं: तांदूळ शिजून शिजून विरघळला की पोटाला फोडायचं काम उरत नाही, पातळ असल्याने ती झटकन पुढे सरकते आणि सोबत डाळ, भाजी, मासळी काही नसल्याने तिला अडवणारं कोणी नसतं. हलकं पोटाला, पण रक्ताला जड. नाचणीचंही तसंच झालं. नाचणी चांगली म्हणून मी आंबील प्यायला लागले, वाढ 70. नाचणीची भाकरी भाजीबरोबर खाल्ली तर 44. धान्य तेच.

भाताचा प्रयोग मी चार वेळा केला, कारण एकदा आलेल्या आकड्यावर भरवसा ठेवू नये असं मला सांगितलं होतं. वाटी काट्यावर ठेवून मोजली, माझ्या स्टीलच्या वाटीत शिजलेला भात 140 ग्रॅम बसतो. तोच भात, तीच सुरमई, तीच कोशिंबीर. आधी नेहमीसारखं कालवून खाल्लं: 126 वर 187, वाढ 61. मग आधी कोशिंबीर आणि मासा संपवला, भात शेवटी घेतला: 122 वर 164, वाढ 42. मग तसंच खाऊन पडायच्या ऐवजी गणेश गल्लीतून भारतमाता सिनेमापर्यंत पायी गेले आणि परत आले, वीस-बावीस मिनिटं, काही धावतपळत नाही: 125 वर 149. वाढ 24. मला खरंच वाटेना. त्या दिवशी मी ह्यांना बोलावून मशीन दाखवलं. भात सोडलेला नव्हता, फक्त एक वाटीवर आणला, रांग बदलली आणि थोडं चालले. दोन वाट्यांचा भात मात्र कुठल्याही रांगेत खाल्ला तरी 180 च्या आत येत नाही, तेही वहीत चार वेळा लिहिलंय.

तळलेलं खाऊन दोन तासांचा आकडा बघाल तर फसाल. वडापाव खाल्ला एकदा, दोन तासांनी 152. अरे वा, वडापाव चालतो! मुलगी म्हणाली, अजून थोड्या वेळाने बघ. साडेतीन तासांनी 198. तेलाने पचन लांबतं आणि साखर उशिरा चढते. रात्री लग्नाचं जेवून आलं की झोपताना बरी आणि सकाळी चढलेली, तेही बऱ्याचदा यामुळे होतं. नवरात्रात उपास धरले, साबुदाण्याची खिचडी खाल्ली तेव्हा आलेला 243 हा माझा एप्रिलनंतरचा सगळ्यात मोठा आकडा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, दाण्याचं कूट घातलं तरी तो झाकला जात नाही. पुढचे उपास मी दही, शेंगदाणे, काकडी आणि थोडं राजगिऱ्याचं थालीपीठ यावर काढले. उपास मोडला असं मला वाटत नाही.

मशीनने मला चुकीचे आकडेही दाखवले, पण दर वेळी कारण माझ्या हाताला सापडलं. गणपतीत एकवीस मोदकांचं सारण करत होते, मधेच वेळ झाली म्हणून हात नळाखाली धरून पदराला पुसले आणि टोचलं. 289. काळजात धस्स झालं. मग साबणाने, नखांच्या कडेपर्यंत हात धुतले, कोरडे केले, दुसऱ्या बोटाला टोचलं: 146. बोटाच्या कडेला राहिलेला गूळ मशीन रक्तातला म्हणून मोजतं, कारण थेंब असतो केवढासा. आंबा कापल्यावर, चहाची साखर ढवळल्यावर हेच होतं. बाहेर असाल आणि पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा लावा. स्पिरिटच्या कापसाने पुसलं तर बोट पूर्ण वाळू द्या.

जुलैत उलटं झालं. चार दिवस आकडे फारच चांगले. भात खाऊन 97, 104. मी आनंदात. मग आठवलं, की डबी ओट्याच्या वर फळीवर असते, खाली दोन शेगड्या, सकाळभर वाफ, आणि झाकण घाईत अर्धवट लागलेलं. बाहेर मुंबईचा पाऊस. स्ट्रिपवर एंझाइम, म्हणजे साखरेशी क्रिया करणारं द्रव्य, असतं, त्याला दमट हवा चालत नाही, म्हणून तर डबीच्या आत ओल शोषून घेणारा पदार्थ असतो. नवी डबी आणली, त्याच वेळी दोन्ही लावून बघितल्या: जुनीवर 101, नवीवर 168. दोन महिन्यांची होती ती डबी, मुदतही संपलेली नव्हती. टाकून दिली. आता डबी आतल्या खोलीत कपाटात असते, फ्रीजमध्ये नाही, आणि झाकणाचा 'टक' आवाज आल्याशिवाय मी सोडत नाही. उघडल्याची तारीख मार्करने डबीवर लिहिते, कारण उघडल्यावर किती महिने चालते ते वेगळं छापलेलं असतं.

लॅबशी किती जुळतं हा प्रश्न सगळे विचारतात. मी ऑगस्टमध्ये मशीन घेऊनच गेले, उपाशीपोटी. त्यांनी शिरेतून रक्त घेतलं आणि तिथेच बसून मी बोट टोचलं. लॅब 118, मशीन 127. साडेसात टक्क्यांचा फरक. या मशीनांसाठी आंतरराष्ट्रीय नियम असा आहे, की शंभरात पंच्याण्णव वेळा तरी आकडा लॅबच्या 15 टक्के इकडेतिकडे असावा, आणि साखर 100 च्या खाली असेल तर 15 अंक इकडेतिकडे. म्हणजे 160 दाखवलं तर खरी 140 असू शकते, 185 सुद्धा. हे समजल्यापासून मी 158 आणि 164 मध्ये फरक करत नाही. लगोलग दोनदा टोचलं तरी दोन वेगळे आकडे येतात, त्यात मशीनचा दोष नाही. आणि तुलना करायची तर उपाशीपोटीच करा. जेवल्यावर बोटाच्या रक्तात शिरेतल्या रक्तापेक्षा साखर जास्तच असते, तेव्हा फरक मोठा दिसतो आणि लोक मशीनला नावं ठेवतात. डायबेटिस आहे की नाही हे ठरवायला मात्र मशीन वापरू नका, त्यासाठी लॅबच.

खर्च आहे, तो लपवत नाही. मशीन स्वस्त पडतं, स्ट्रिप महाग. मला 50 ची डबी हजाराच्या आसपास पडते, म्हणजे एक स्ट्रिप वीस रुपये, एक जोडी चाळीस. एवढ्या पैशात आमच्याकडे एका माणसाची भाजी होते. म्हणून मशीन घेताना मशीनचा भाव बघू नका, स्ट्रिपचा बघा आणि ती तुमच्या घराजवळ बारा महिने मिळते का ते विचारा. एका दुकानदाराने मला महिन्याभरात मुदत संपणारी डबी पूर्ण भावाने दिली आणि परत घ्यायला नकार दिला. तेव्हापासून पैसे देण्याआधी तारीख वाचते. सुया वेगळ्या येतात, त्या मी जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकते, झाकण लावून. कचरा उचलणाऱ्या बायांच्या हाताला टोचू नये.

चाळीत मशीन आलं की अख्खा मजला येतो. "माझी पण बघ गं जरा." मी कोणालाच माझं पेन देत नाही. सुई बदलली तरी पेनच्या टोकाला रक्त लागलेलं राहू शकतं आणि त्यातून हेपटायटिस बी (एक प्रकारची कावीळ) सारखे आजार पसरतात. काही जणी रुसल्या. समोरच्या वहिनींनी मात्र स्वतःचं मशीन आणलं, त्यांना मी वहीची पहिली ओळ कशी लिहायची ते शिकवलं.

आकडा बघून गोळी मी कधी स्वतः कमी-जास्त केलेली नाही. मॅडमकडे जाताना वही घेऊन जाते. त्या मशीनकडे बघतही नाहीत, वहीची पानं उलटतात आणि बोट ठेवून विचारतात, "हे काय खाल्लंत?" जुलैत एचबीएवनसी 7.1 आलं, या महिन्यात 6.7. आता रोज टोचायची गरज नाही म्हणाल्या, आठवड्यात दोन दिवस, दिवसाला एक जोडी, आणि नवीन काही खाल्लं तर जास्तीची एक. म्हणजे एक डबी तीन महिने जाईल.

पेजही परत सुरू झाली आहे. वाडगाभर नाही, एक छोटी वाटी, आणि तिच्याआधी वाटीभर कुळथाची उसळ. गेल्या रविवारी 118 वर 157 आली. ते पान मी कोपरा दुमडून ठेवलं आहे.